भाऊजी, डिस्क आणि साहेबांची दाढ

भाऊजी कर्नलमध्ये होते. लग्न ठरताना त्यांनी स्वतःच तसं सांगितलं होतं, आणि ते ऐकून सासरे खुर्चीत एकदम ताठ बसले होते. पुढे बरीच वर्षं सासुरवाडीच्या नातेवाइकांत, "जावई कर्नलच्या हाताखाली आहेत, पण गणवेश घालत नाहीत, काहीतरी गुप्त खातं असावं," अशी कुजबुज चालू होती. कॉम्प्युटरच्या सिस्टीमचा जो अगदी आतला गाभा असतो त्याला कर्नल म्हणतात, तिथे बंदुका वगैरे काही नसतात, हे भाऊजींनी एकदा नीट समजावून सांगितलं. त्यावर सासऱ्यांचा चेहरा इतका पडला, की भाऊजींनी परत तो विषय काढला नाही.

त्या गाभ्यातही भाऊजींचं काम एका कोपऱ्यातलं होतं. मशीनचं बटण दाबलं की कर्नल जागा होतो आणि डिस्क शोधायला लागतो. तू आहेस का, तुझं नाव काय, तुझ्यात जागा किती, वाचायला सुरुवात कुठून करायची, अशी तिची चौकशी करतो आणि मग तिला कामाला जुंपतो. ही चौकशी भाऊजी लिहायचे. सगळं मिळून काही क्षणांचा मामला. पण ते क्षण चुकले तर पुढे काहीच नाही, काळा पडदा आणि त्यावर एक ओळ. भाऊजींना या कामाचा रास्त अभिमान होता. अडचण एवढीच होती, की घरातल्या कुणालाही ते काम पडद्यावर दिसत नसे. कॉम्प्युटर चालू झाला तर त्यात कुणी काही केलंय असं कुणाला वाटत नाही. न झाला तर मात्र सगळे भाऊजींकडे बघत.

त्यातच थोरल्या साडूंनी दवाखान्यातला नळ दुरुस्त केला.

दवाखाना धाकट्या मेहुणीचा. ती दातांची डॉक्टर, आणि भाऊजींची बायको तिथे बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांच्या वेळा सांभाळायची. चूळ भरायच्या भांड्याचा नळ कित्येक दिवस गळत होता. थोरले साडू आले, खिशातून पाना काढला, दोनदा फिरवला, आणि नळ गप्प. बस्, एवढंच. पण त्या एका पान्याने घरातलं वातावरण पार बदलून गेलं.

"मोठे भाऊजी म्हणजे हाताला गुण आहे त्यांच्या," बायको जेवताना म्हणाली.

"नळच तो," भाऊजी म्हणाले.

"हो, नळच. पण गळायचा थांबला ना?"

"मी जे काम करतो ते लाखो मशिनींत चालतं."

"चालत असेल हो. पण आमच्या दवाखान्यातला तो कॉम्प्युटर चालू व्हायला एवढा वेळ घेतो, की पेशंट तोंड उघडून बसतो आणि त्याचा जबडा अवघडतो. ते लाखो राहू देत, हा एक बघाल का?"

भाऊजींनी घास खाली ठेवला. कारण अगदी याच गोष्टीवर, म्हणजे मशीन पटकन चालू करण्यावर, त्यांनी सबंध वर्ष घालवलं होतं. जुना कर्नल डिस्क जागी होण्याची वाट बघत बसायचा. नव्या डिस्का हाक मारताच ओ देतात, मग ही वाट बघायची कुणासाठी, असा प्रश्न भाऊजींनी मीटिंगमध्ये विचारला होता, आणि साहेबांनी टेबलावर मूठ आपटून "कुणासाठीही नाही!" असं उत्तर दिलं होतं. वाट बघणं काढून टाकलं गेलं. मशीन डोळ्याचं पातं लवायच्या आत चालू व्हायला लागलं. साहेबांनी भाऊजींना सगळ्यांसमोर उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. आणि ती नवी आवृत्ती नुकतीच बाहेर पडायला लागली होती.

"रविवारी करतो," भाऊजी शांतपणे म्हणाले. त्या शांतपणामागे काय काय होतं ते बायकोला कळलं नाही. तिने भाजी वाढली.

रविवारी दवाखाना बंद असतो. भाऊजी चावी घेऊन एकटेच गेले. एक्स-रेचा कॉम्प्युटर खुर्चीशेजारच्या कपाटावर होता, जुना, भरभक्कम, आतून हलकी घरघर करणारा. भाऊजींनी त्यावर नवी आवृत्ती चढवली, रीस्टार्ट केलं, आणि त्यांचा ऊर भरून आला. पडदा उजळला तो थेट कामाच्या खिडकीपाशी येऊन थांबला. खात्री म्हणून पुन्हा रीस्टार्ट केलं. पुन्हा तेच. मग त्यांनी मेहुणीला फोन करून बोलावून घेतलं आणि तिसऱ्यांदा करून दाखवलं.

"बाई गं!" मेहुणी म्हणाली. "भाऊजी, हे तुम्ही केलंत?"

या वाक्यासाठी माणूस काय काय करतो! भाऊजींनी तिच्या नकळत ते पुन्हा म्हणवून घेतलं.

त्याच आनंदाच्या भरात त्यांच्या हातून दुसरी गोष्ट घडली. शुक्रवारी साहेब ऑफिसात गाल धरून फिरत होते. खालची दाढ ठणकत होती, झोप लागत नव्हती, ज्याच्या त्याच्या अंगावर खेकसत होते. भाऊजींनी तिथल्या तिथे साहेबांना फोन लावला. "साहेब, उद्या सकाळी माझ्या मेहुणीकडे या. घरचाच दवाखाना आहे. आणि साहेब, तिथला कॉम्प्युटर आपल्या नव्या आवृत्तीवर आहे. बघाच."

निघताना मेहुणीने नेहमीप्रमाणे भिंतीवरचं मोठं बटण बंद केलं, आणि दवाखाना अंधारला. रोज रात्री ती ते बंद करायचीच. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि भाऊजींनीही विचारलं नाही.

सोमवारी सकाळी भाऊजी ऑफिसात बसतात न बसतात तोच मेहुणीचा फोन.

"भाऊजी, कॉम्प्युटर म्हणतोय डिस्क सापडत नाही."

"असं कसं म्हणेल?"

"ते मला नका विचारू. तुमचे साहेब खुर्चीत आहेत. दाढ इतकी ठणकत होती की मी आधी बधिर करायचं इंजेक्शन दिलंय. मला वाटलं तोवर मशीन चालू होईल. फोटो काढल्याशिवाय मी दाढेला हात लावणार नाही. तुम्ही या."

हातातली सगळी कामं टाकून भाऊजी निघाले. वाटेत ऑफिसमधून फोन यायला लागले. सकाळची मीटिंग बुडवली म्हणून असणार, असं समजून त्यांनी ते कापले.

दवाखान्यात शिरले तर समोर गाल सुजलेल्या एक बाई आणि एक निवृत्त वीजमीटर तपासनीस असे दोघे ताटकळत बसले होते. बायकोने भाऊजींकडे नुसतं पाहिलं.

आत खुर्चीत साहेब आडवे. गळ्यात निळा फडका, तोंडात कापसाच्या गुंडाळ्या, अर्धा चेहरा खाली लोंबलेला. एरवी ज्या माणसासमोर सगळा मजला उभा राहतो, तो माणूस पाय वर करून छताकडे बघतोय, हे दृश्य पाहून भाऊजींना काय करावं कळेना. त्यांनी सवयीने नमस्कार केला.

"हुव अहेव," साहेब म्हणाले.

"बोलू नका, कापूस गिळाल," मेहुणी म्हणाली.

भाऊजींनी पडद्याकडे पाहिलं. काळा पडदा, त्यावर पांढरी ओळ: डिस्क सापडत नाही. ही ओळही त्यांनीच लिहिली होती. आपलं अक्षर दुसऱ्याच्या घरी मयताच्या बातमीत सापडावं, तसं त्यांना झालं.

आता भाऊजी म्हणजे शिस्तीचा माणूस. मशीन अडलं तर ते अर्धवट बंद करायचं नाही, पूर्ण बंद करायचं, भिंतीतून प्लग काढायचा, आतली घरघर थांबून शांत होऊ द्यायचं, आणि मग चालू करायचं, हा त्यांचा नियम. त्यांनी प्लग काढला. प्लग लावला, बटण दाबलं.

डिस्क सापडत नाही.

"एकदा बंद करून चालू करा की," बाहेरून मीटर तपासनीस म्हणाले.

"तेच केलं."

"मग अजून एकदा करा. आमच्या काळी मीटर अडला की आम्ही दोनदा करायचो."

भाऊजींनी अजून एकदा केलं. आणखी नीट केलं. प्लग काढून जास्त वेळ थांबले. डिस्क सापडत नाही. सुजलेल्या गालाच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या जावेच्या घरी असंच झालं होतं. आत मुंगळा शिरला होता," त्या एका गालाने म्हणाल्या.

"मुंगळा नाही हो."

"उघडून बघा. दिसला नाही म्हणजे नाही असं नसतं."

बायकोने तोवर थोरल्या साडूंना फोन लावला होता. भाऊजींनी हातवारे करून नको नको म्हटलं, पण तिने फोन त्यांच्या कानाशीच आणून धरला.

"हलकी टपली मार," साडू म्हणाले.

"कशाला?"

"डिस्कला. हलकी. मी आलो असतो, पण छतावर चढलोय."

"डिस्कला टपल्या मारत नाहीत!" भाऊजी ओरडले.

"मग तुझं चालू दे," साडू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जी सहानुभूती होती ती भाऊजींना टपलीपेक्षा जास्त लागली. नंतर कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्यांनी एक टपली मारूनही पाहिली. मारताना नेमकं मेहुणीने पाहिलं.

एव्हाना साहेब खुर्चीत चुळबुळ करत होते. त्यांच्या खिशातला फोन सारखा थरथरत होता. त्यांनी तो कसाबसा बाहेर काढला, बघितला, आणि त्यांचे डोळे एकदम मोठे झाले. ते भाऊजींकडे वळले.

"हांवा!" साहेब म्हणाले. "अवेत हांवा!"

"दुखतंय का?" मेहुणीने विचारलं.

साहेबांनी जोरात मान हलवली. नाही, नाही. मग बोटाने भाऊजींकडे दाखवलं, मग पडद्याकडे, मग हाताचा पंजा पुढे करून काहीतरी अडवल्यासारखं केलं.

"पंखा बंद करा म्हणतायत," बाई दारातून म्हणाल्या. बायकोने पंखा बंद केला. साहेबांनी डोळे मिटून घेतले आणि त्यांच्या कपाळावर घाम फुटला, पंखा बंद झाल्यामुळे असेल किंवा दुसऱ्या कशामुळे असेल.

"आपण रीतसर तक्रार करू," भाऊजी म्हणाले. डिस्क मेली, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यांनी लिहिलेल्या भागात काही खोट असेल असा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. माणूस स्वतःच्या हाताने लावलेल्या दारावर संशय घेत नाही, दाराजवळ उभ्या असलेल्या इतर सगळ्यांवर घेतो.

दवाखान्याचा फोन बायकोच्या टेबलावर होता. त्याचं बोलायचं नळकांडं बिघडलं होतं, फक्त भोंग्यावर, म्हणजे स्पीकरवर चालायचा. त्यामुळे पुढचा सगळा संवाद आत-बाहेर सर्वांनी ऐकला, आणि खुर्चीतल्या साहेबांनीही.

एक्स-रे मशीनची कंपनी म्हणाली, आमचं काम फोटो काढण्यापर्यंत, कॉम्प्युटर आमचा नाही. कॉम्प्युटरवाला म्हणाला, सिस्टीम आम्ही बदललेली नाही, कुणी बदलली?

"मी," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मी या सिस्टीममधलाच माणूस आहे."

"म्हणजे सील तोडलंत?"

"सील कसलं सील?"

"मग आमचा संबंध नाही," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

राहिली भाऊजींची स्वतःची कंपनी. तिथल्या मदतकेंद्राला त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा फोन लावला. बराच वेळ संगीत वाजलं. मग एक मुलगी बोलायला लागली. आवाज गोड, सकाळपासून बोलून बोलून थकलेला.

"मी कंपनीतलाच आहे," भाऊजी म्हणाले.

"सर, कर्मचाऱ्यांनी आतल्या क्रमांकावर फोन करायचा असतो."

आतल्या क्रमांकावर एका गृहस्थांनी मशीन कुणाचं ते विचारलं. दवाखान्याचं म्हटल्यावर, "मग तुम्ही ग्राहक. ग्राहकांनी मदतकेंद्राला फोन करायचा असतो," असं सांगितलं. भाऊजींनी पुन्हा मदतकेंद्र लावलं. पुन्हा संगीत. मीटर तपासनीस बोटाने ताल धरून बसले होते.

"ठीक आहे, मी ग्राहक," भाऊजी म्हणाले. त्यांची कानशिलं तापली होती. "माझी डिस्क सापडत नाही. पेशंटचं अर्धं तोंड बधिर होऊन पडलंय. पेशंट कोण आहे ते मी सांगत नाही, पण सांगितलं तर तुम्ही सगळे उभे राहाल."

"समजलं सर. सिस्टीम कधी बदलली होती?"

"काल. आणि काल उत्तम चालत होती."

"हो सर," मुलगी म्हणाली, आणि तिने उसासा सोडला. "आज सकाळपासून सगळे असंच सांगतायत."

इथे खरं म्हणजे भाऊजींनी थांबायला हवं होतं. आत साहेब "हूं! हूं!" करून खुर्चीच्या हातावर मुठी आपटत होते. मेहुणी त्यांना थोपटत होती. पण भाऊजी रागाच्या घोड्यावर बसले होते आणि घोडा उधळला होता.

"सगळे सांगतायत? मग तुम्ही करताय काय? हा भाग ज्याने लिहिलाय त्याला उभ्या आयुष्यात कुणी डिस्क दाखवली आहे का?"

"तसंच टाकू का सर तक्रारीत?"

"तसंच टाका. पुढे टाका, बेजबाबदार. आणि पुढे टाका, अशा माणसाला पगार कोण देतं याची चौकशी व्हावी."

"शाब्बास!" मीटर तपासनीस म्हणाले. कुणीतरी आपल्या बाजूने शाब्बास म्हणालं म्हणून भाऊजींना जरा बरं वाटलं.

"टाकलं सर. आता मी तुम्हाला थेट त्या इंजिनियरनाच जोडून देते. म्हणजे उचलला तर. ते सकाळपासून फोन उचलत नाहीयेत."

"उचलत नाहीत?"

"नाही सर. कापतात."

"कमाल झाली! त्यांच्या साहेबांना सांगा."

"साहेबही उचलत नाहीत सर. थांबा, पुन्हा प्रयत्न करते."

आणि भाऊजींच्या शर्टाच्या खिशातला मोबाइल वाजायला लागला.

भाऊजींनी तो न बघताच कापला. ऑफिसला एक माणूस अर्धा दिवस नसला तर चालत नाही, काय हे.

"कापला सर," भोंग्यातून मुलगी म्हणाली.

"कापला? निर्लज्ज आहे!"

"पुन्हा लावते."

मोबाइल पुन्हा वाजला. भाऊजींनी पुन्हा कापला.

"पुन्हा कापला सर."

सुजलेल्या गालाच्या बाईंनी भोंग्याकडे पाहिलं, मग भाऊजींच्या खिशाकडे, मग पुन्हा भोंग्याकडे. मीटर तपासनिसांचं ताल धरणारं बोट जागच्या जागी थांबलं. बायको टेबलामागून उठून उभी राहिली. तिचा चेहरा असा झाला होता, की एखाद्याने घरात चोर पाहावा आणि चोराच्या अंगावर आपल्याच नवऱ्याचा शर्ट असावा.

मोबाइल तिसऱ्यांदा वाजला. भाऊजींचा हात खिशाकडे गेला.

"अहो," बायको अगदी हळू म्हणाली, "उचला."

"अगं पण ऑफिसचा..."

"उचला म्हणते ना मी."

भाऊजींनी उचलला. "हॅलो," ते म्हणाले. आणि टेबलावरच्या भोंग्यातून, खरखरीत, मोठ्या आवाजात, साऱ्या दवाखान्याला ऐकू जाईल असं त्यांचं स्वतःचं "हॅलो" बाहेर आलं.

"सर, बरं झालं उचललात!" मुलगी म्हणाली. ती आता दोन्हीकडून ऐकू येत होती. "एक दवाखान्याचे ग्राहक लाइनवर आहेत. फार रागावलेत, जरा सांभाळून बोला. तुमच्याबद्दल वाईटसाईट बोलले आहेत."

भाऊजींचं तोंड उघडं पडलं ते मिटेना. खुर्चीतल्या साहेबांचं आणि त्यांचं तोंड त्या क्षणी अगदी सारखं दिसत होतं, फक्त भाऊजींना कुणी इंजेक्शन दिलेलं नव्हतं. मेहुणी हातमोजे घातलेले हात हवेत तसेच धरून दारात आली होती. कुणी हसलं नाही. सगळ्यांना इतका जबर धक्का बसला होता, की हसायचं सुचलंच नाही.

"सर? आहात ना?" भोंगा म्हणाला. "ग्राहक सर, तुम्ही पण आहात ना?"

"दोघंही आहेत," बायको म्हणाली.

"मी ऐकतोय," भाऊजींच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले. "बाकीच्या तक्रारी काय आहेत?"

"सगळ्या सारख्याच आहेत सर. एक ग्रंथालय आहे, ट्रकांचा एक वजनकाटा आहे, एक शाळा आहे. सगळ्यांकडे जुन्या, फिरणाऱ्या डिस्का. नवी आवृत्ती टाकताना चाललं म्हणतात. रात्रभर बंद होतं, सकाळी गार मशीन चालू केलं तर डिस्क सापडत नाही."

गार. हा एकच शब्द भाऊजींच्या डोक्यात जाऊन आदळला.

जुनी डिस्क म्हणजे आत तबकडी. गार पडलेली तबकडी फिरायला लागून वेग धरेपर्यंत जरा वेळ जातो. तेवढ्या वेळात कर्नल हाक मारतो आणि ती ओ देऊ शकत नाही. पूर्वी तो थांबायचा. आता थांबत नव्हता. का थांबत नव्हता, हे भाऊजींइतकं कुणाला ठाऊक असणार? काल रीस्टार्ट करताना तबकडी फिरतीच होती, म्हणून सगळं झकास चाललं. आणि आज सकाळपासून ते प्लग काढत होते, घरघर पूर्ण थांबेपर्यंत वाट बघत होते, आणि मग चालू करत होते. म्हणजे डिस्कला प्रत्येक वेळी नीट, शिस्तीने, स्वतःच्या हातांनी झोपवत होते आणि मग उठत नाही म्हणून ओरडत होते.

"हांवा!" आतून साहेब किंचाळले. या वेळी भाऊजींना ते लख्ख कळलं. थांबवा. अपडेट थांबवा. आवृत्ती अजून बाहेर चाललीच होती, मशीनमागून मशीन. आणि ती थांबवायचा अधिकार फक्त दोन माणसांना होता. एकाचं तोंड बधिर होतं आणि दुसरा सकाळपासून फोन कापत होता.

एक क्षणभर भाऊजींच्या मनात आलं, की डिस्कचीच चूक आहे असं म्हणावं. जुनी आहे, मंद आहे, टाकून द्या. असं म्हटलं असतं तर कुणाला कळलं नसतं. निदान या खोलीत तरी नसतं कळलं. पण बायको समोर उभी होती आणि भोंगा चालू होता.

"आवृत्ती थांबवा," भाऊजी म्हणाले. "आत्ता. चूक माझ्या भागातली आहे. डिस्का चांगल्या आहेत. सगळ्यांना सांगा, मशीन बंद न करता नुसतं रीस्टार्ट करा, चालेल. रात्री बंद करू नका. मी ऑफिसात येऊन नीट करून देतो."

"सर, हे कुणाच्या नावाने टाकू? ग्राहकांच्या की तुमच्या?"

"माझ्या."

"आणि सर, ते चौकशीचं? पगार कोण देतं वगैरे?"

भाऊजींनी आत बघितलं. पगार देणारे निळ्या फडक्याखाली हाश्श करून मागे रेलले होते.

"ते राहू द्या," भाऊजी म्हणाले. "पगार देणारे इथेच आहेत."

मग ते आत गेले. मशीन चालू होतं, काळ्या पडद्यावर तीच ओळ होती, पण आतून घरघर येत होती. भाऊजींनी प्लगला हात लावला नाही. नुसतं रीस्टार्टचं बटण दाबलं. पडदा मिटला, उजळला, आणि कामाची खिडकी समोर येऊन उभी राहिली.

"मी काय म्हणत होतो? अजून एकदा करा!" मीटर तपासनीस बाहेरून ओरडले.

"मुंगळा निघून गेला असेल," सुजलेल्या गालाच्या बाई म्हणाल्या.

भाऊजी कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसले. मेहुणीने त्यांना पाण्याचा पेला दिला. एरवी तो पेला पेशंटला चूळ भरायला देतात. भाऊजी ते पाणी प्यायले. नळातून अजिबात गळत नव्हतं.

मेहुणीने साहेबांच्या दाढेचा फोटो काढला. पडद्यावर दाढ उमटली, मुळांसकट, मोठी, करड्या रंगाची. ती बराच वेळ बघत राहिली. मग दुसऱ्या बाजूचा काढला. मग वरचा. तिच्या कपाळावर आठ्या पडल्या तसा भाऊजींचा जीव पुन्हा टांगणीला लागला. एवढं सगळं करून चुकीची दाढ निघाली की काय?

"साहेब," ती म्हणाली, "दाढ काढायची गरजच नाही. मुळं उत्तम आहेत. एकही कीड नाही."

"मह?" साहेब म्हणाले.

"मग दुखतंय का, तर हे बघा. दाढा वरून घासून सपाट झाल्यात. दोन्ही बाजूंच्या. तुम्ही झोपेत दात खाता, साहेब. रात्र रात्र, करकचून. वर्षभरातलं दिसतंय, म्हणजे ते नव्या आवृत्तीचं काम की काय ते सुरू झाल्यापासून म्हणा ना." तिने हातमोजे काढले आणि अगदी सहज, पेशंटशी बोलावं तसं विचारलं, "एवढे दात खाता तरी कुणावर?"

साहेबांना बोलता येत नव्हतं. त्यांनी लोंबलेला चेहरा सावकाश वळवला आणि कोपऱ्यातल्या स्टुलाकडे पाहिलं.

मेहुणीने पाहिलं. सुजलेल्या गालाच्या बाईंनी पाहिलं. मीटर तपासनीस मान उंच करून पाहायला लागले. भाऊजींनी पेल्यात पाहिलं, पण पेला रिकामा होता.

मग टेबलामागून बायको उठली, आत आली आणि बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "साहेबांचं झालं की मलाही एकदा बसव गं खुर्चीत. माझ्याही दाढा किती वर्षांपासून दुखतायत."